विजेची सोसायटी: लोक सभासद का झाले आणि नंतर नुसते ग्राहक का उरले?

आजचा भाग विजेच्या सोसायटीबद्दल. बरोबर ऐकलंत, सोसायटी. गावात पतसंस्था असते, दूध संघ असतो, तशीच विजेची सहकारी संस्था. महाराष्ट्रात अशी एक संस्था चाळीस वर्षं चालली. साधीसुधी नव्हे, १८३ गावांना वीज देणारी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिचं नावही ऐकलं नसेल, कारण तुमच्या हातात स्मार्टफोन आला तोवर तिचा परवाना गेला होता.

पण सुरुवात मी त्या संस्थेपासून करणार नाही. सुरुवात यवतमाळपासून, कारण हा प्रश्न आज तिथे जिवंत आहे.

यवतमाळ म्हणजे पऱ्हाटी आणि तूर. बहुतेक शेती कोरडवाहू. ज्याच्याकडे विहीर आहे, मोटर आहे, तो ओलित करतो, आणि त्याला वीज मिळते ती पाळीने. कृषिपंपाच्या लाइनचं वर्षानुवर्षांचं वेळापत्रक म्हणजे काही दिवस दिवसा ८ तास आणि काही दिवस रात्री १० तास. रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी घेऊन वावरात. साप-विंचू तर सगळीकडेच आहेत. यवतमाळात त्यात वाघ आहे. पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे. २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात टी-१, म्हणजे बातम्यांमधली अवनी वाघीण, तिच्या नावावर १३ बळी लावले गेले, आणि २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घालण्यात आली. ती वाघीण दोषी होती की नव्हती, यावर लोक अजून भांडतात. मला एवढंच म्हणायचंय, की त्या पट्ट्यात रात्री दोन वाजता मोटर चालू करायला जाणं म्हणजे काय, हे लक्षात ठेवून पुढचं ऐका. ‘दिवसा वीज’ ही तिथे सोयीची मागणी नाही.

दिवसाची वीज म्हटलं की सौर आलीच. २०१७ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली. शेतीची लाइन जिथून निघते त्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्या लाइनवरच्या पंपांना दिवसा वीज द्यायची. पथदर्शी म्हणून दोन गावं निवडली: नगर जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी. २०२३ पासून योजनेचा दुसरा टप्पा आला, फार मोठा. त्यात जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी ३ टक्के वाढ. शेतकऱ्यांनी त्याचं स्वागत केलं, आणि का करू नये? पडीक, मुरमाड जमिनीला एवढे पैसे कोण देतो?

फक्त एक गोष्ट बघा. या व्यवस्थेत शेतकरी दोनच भूमिकांत आहे. एक तर जमीन भाड्याने देणारा, नाहीतर बिल भरणारा. प्रकल्प कंपनीचा. विदर्भाला ही मांडणी नवीन नाही. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला आठवा. कापूस आमचा, घाम आमचा, आणि रुळांची मालकी स्वातंत्र्यानंतरही ब्रिटिश कंपनीची.

मग तिसरी भूमिका असते का? मालकाची? केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये आली. तिच्या ‘अ’ घटकात ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचा प्रकल्प कोण उभारू शकतं याची यादी आहे. शेतकरी, शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, पंचायती, शेतकरी उत्पादक कंपन्या, पाणी वापर संस्था, सगळे आहेत त्यात. म्हणजे कागदावर दार उघडं आहे. आत फारसं कुणी गेलं नाही. का गेलं नाही हे समजायचं तर आधी लोक अशा संस्थेत का जातात ते बघायला हवं, आणि त्यासाठी इतिहासात.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. १९३५ साली तिथल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. खासगी कंपन्या म्हणायच्या, एवढ्या लांब तारा ओढून आम्हाला परवडत नाही. रूझवेल्ट सरकारने ग्रामीण विद्युतीकरणासाठी खातं काढलं, स्वस्त कर्ज ठेवलं, आणि ते कर्ज घ्यायला पुढे आल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था. दारोदार फिरून पाच-पाच डॉलर वर्गणी गोळा केली गेली. मंदीच्या काळात पाच डॉलर शेतकऱ्याला जड होते, तरी लोकांनी दिले. कारण साधं होतं. दुसरं कुणी येणारच नव्हतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दहापैकी नऊ शेतघरांत वीज होती.

ही कल्पना भारतात आली १९६० च्या दशकात, अमेरिकी मदतीसोबत. पी. एल. ४८० चा गहू तुमच्या आजी-आजोबांनी रेशनवर खाल्लाय. त्या गव्हाच्या विक्रीतून भारतात जमा झालेल्या रुपयांतला काही पैसा ग्रामीण विजेकडे वळला. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झालं, आणि देशात पाच ठिकाणी प्रायोगिक वीज सहकारी संस्था काढायचं ठरलं. आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौजवळ, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातलं हुक्केरी, आणि महाराष्ट्रात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा.

तेव्हा मुख्यमंत्री कोण? वसंतराव नाईक. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. यवतमाळचा माणूस मंत्रालयात, आणि विजेची सोसायटी मात्र नगर जिल्ह्यात. यात पक्षपात शोधू नका, कारण वेगळं आहे. १९५० च्या आसपास विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला होता. त्यामुळे शेअर म्हणजे काय, सर्वसाधारण सभा म्हणजे काय, संचालकाला सभेत उभं करून प्रश्न कसा विचारायचा, हे तिथल्या शेतकऱ्याला ठाऊक होतं. कालवा होता, विहिरी होत्या, ऊस होता. उसाला पाणी द्यायचं तर मोटर, मोटरला वीज. गरज रोजची, आणि संस्था चालवायची सवय आधीची. यवतमाळच्या कोरडवाहू कापसाला १९६९ मध्ये यातलं काहीच नव्हतं. विहीरच नाही तर वीज कशाला मागणार?

मुळा-प्रवरात लोक का आले? एक तर वीज मंडळाच्या रांगेत थांबण्यापेक्षा लवकर जोडणी मिळेल म्हणून. आणि दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लाइन गेली तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं हे माहीत होतं. मंडळाचा साहेब बदलीवर येतो, बदलीवर जातो. सोसायटीचा संचालक लग्नात भेटतो, बाजारात भेटतो. त्याला पुढच्या निवडणुकीत मत हवं असतं. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यात एक सभासद एक मत आहे. शंभर शेअरवाला असो की एक शेअरवाला, हात एकच वर होतो.

मग बिघडलं कुठे? चोरी, थकबाकी, राजकारण, असं पटकन उत्तर येतं. ते होतंच, नाकारत नाही मी. पण मुळातली गाठ दराची होती.

मुळा-प्रवरा वीज बनवत नव्हती. वीज मंडळाकडून घाऊक घ्यायची आणि सभासदांना किरकोळ विकायची. घाऊक दर ठरवणार दुसरे. आणि किरकोळ दर? १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्यात शेतीपंपांना मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर दर लावायची पद्धत आली. पाच हॉर्सपॉवरची मोटर असेल तर वर्षाला ठरावीक रक्कम, मग किती का चालेना. दर मुद्दाम कमी ठेवलेला. शेजारच्या तालुक्यात मंडळ स्वस्त वीज देतंय म्हटल्यावर सोसायटी जास्त दर कसा घेणार? मंडळाकडे मुंबई-ठाणे-पुण्याचे कारखाने होते. त्यांच्याकडून जास्त घेऊन शेतीचा तोटा भरता यायचा. सोसायटीकडे बहुतेक शेतीच. त्यात २००४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर शेतीला मोफत वीज जाहीर झाली आणि २००५ मध्ये मागे घेतली गेली. मंडळ म्हणायचं पैसे थकले, सोसायटी म्हणायची घाऊक दरच परवडणारा नाही. थकबाकीचा आकडा दोन हजार कोटींच्या वर गेला. २०११ च्या सुरुवातीला राज्य वीज नियामक आयोगाने तो भाग महावितरणकडे दिला.

म्हणजे घेण्याचा दर हातात नाही, विकण्याचा दर हातात नाही. मग सभासद सभेत हात वर करतो तो नक्की कशासाठी? ज्या दिवशी हा प्रश्न बिनउत्तराचा झाला, त्या दिवसापासून तो ग्राहक झाला. पावती मात्र सभासदाची राहिली.

यवतमाळकरांनी हा सिनेमा दुसऱ्या थिएटरात पाहिलेला आहे. कापूस एकाधिकार योजना, १९७२ पासून, नाईकांच्याच काळात. कापूस फक्त पणन महासंघाने घ्यायचा. महासंघ नावाने सहकारी, भाव ठरणार सरकारात. बाजार पडला की शेतकरी खूश, कारण हमी होती. बाजार चढला की तोच शेतकरी रात्री बैलगाडी भरून आदिलाबादकडे. त्याला लबाड म्हणणं सोपं आहे. पण ज्या संस्थेच्या भावावर त्याचा काडीचा ताबा नाही, तिच्याशी त्याने निष्ठा का ठेवावी? विदर्भात सहकार रुजला नाही, तिथली माणसंच तशी, असं पश्चिम महाराष्ट्रातले लोक चहा पिता पिता सांगतात. मला ते पटत नाही. ‘सहकार’ या नावाखाली त्यांना जे मिळालं, ते बघा आधी.

आता हुक्केरी. त्याच १९६९ च्या पाचांमधली, सीमाभागातली ही संस्था अजून वीज पुरवते. तिच्या संचालकपदासाठी मोठमोठे नेते इतक्या ईर्षेने भांडतात की विधानसभेची निवडणूक वाटावी. म्हणजे राजकारण आलं की संस्था मरतेच, असा नियम काढायची घाई नको.

पण या पाचही संस्था वीज वाटणाऱ्या. वीज बनवणारी सोसायटी ही गोष्ट निराळी, कारण बनवणाऱ्याच्या हातात विकायला काहीतरी असतं. त्यासाठी डेन्मार्क. तिथे १९७० च्या दशकातल्या तेलाच्या धक्क्यानंतर गावोगाव लोकांनी मिळून पवनचक्क्या घ्यायला सुरुवात केली. बराच काळ नियम असा होता की शेअर घ्यायचा तर तुम्ही त्या परिसरातले हवेत. कोपनहेगनच्या किनाऱ्यावर २००० साली मिडलग्रुंडेन प्रकल्प उभा राहिला. समुद्रात २० पवनचक्क्या, ४० मेगावॅट. त्यातल्या निम्म्या शहराच्या वीज कंपनीच्या, निम्म्या सहकारी संस्थेच्या, आणि सभासद साडेआठ हजारांच्या वर. शेअरचा हिशेब शाळकरी पोरालाही कळेल असा ठेवला होता: एक शेअर म्हणजे वर्षाला साधारण १००० युनिट. सभासदाला परतावा मिळाला. वीज कंपनीला काय मिळालं? किनाऱ्यासमोर पवनचक्क्या उभ्या राहताना विरोध करायला आला असता तोच माणूस आता मालक होता. संस्था-कंपन्या अशा प्रकल्पात का येतात, त्याचं एक व्यवहारी उत्तर हे. गावाची संमती विकत घेता येत नाही, भागीदारी देऊन मिळते.

डेन्मार्क श्रीमंत देश, आपलं सांगा, असं कुणीतरी म्हणतच असेल. मग गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातलं ढुंडी घ्या. २०१६ मध्ये तिथे सहा शेतकऱ्यांनी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी काढली. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेने हात दिला. सहा जणांचे मिळून ५६.४ किलोवॅटचे सौरपंप. आधी ते डिझेलवर पाणी काढत. आता सूर्यावर पंप चालवायचा, आणि पंप बंद असेल तेव्हा उरलेली वीज सरकारी वीज कंपनीला विकायची, २५ वर्षांच्या करारावर, युनिटला ४ रुपये ६३ पैसे. वर हरित वीज आणि पाणी वाचवल्याबद्दल संस्थेकडून बोनस. बदल्यात त्यांनी काय सोडलं? स्वस्त सरकारी वीजजोडणी मागायचा हक्क, २५ वर्षांसाठी. त्यांनी तो सोडला, कारण समोर दर लिहिलेला कागद होता. मुळा-प्रवराच्या सभासदाकडे नेमका तोच कागद नव्हता.

आता यवतमाळला परत येऊ आणि पाटीवर गणित मांडू. ढोबळ आहे, बँकेत घेऊन जाऊ नका. १ मेगावॅटला जागा लागते साधारण ४ एकर, खर्च धरा ४ कोटी. आपल्या उन्हात वर्षाला १५ लाखांच्या आसपास युनिट. दर ३ रुपयांच्या जवळपास, म्हणजे वर्षाची विक्री ४५ लाख. तीच जमीन भाड्याने दिली तर मिळतात वर्षाला दोन लाख. पंचेचाळीस आणि दोन! हे ऐकून कुणालाही वाटेल की सोसायटी न काढणारे वेडेच.

थांबा. ४ कोटींतले ३० टक्के, १ कोटी २० लाख, सभासदांनी घालायचे. ५ हजारांचा शेअर धरला तर २,४०० शेअर. उरलेल्या २ कोटी ८० लाखांवर १० टक्के व्याजाने १५ वर्षांचा हप्ता वर्षाला ३६-३७ लाख. पॅनेल धुणं, राखण, विमा, दुरुस्ती यांना ५ लाख तरी. हातात राहतात तीन-चार लाख. सव्वा कोटी गुंतवून तीन-चार लाख! मुदत ठेव परवडली. खरी मजा कर्ज फिटल्यावर, सोळाव्या वर्षापासून. सोयाबीनच्या एका हंगामाची खात्री नसलेल्या माणसाला सोळाव्या वर्षाचं सांगून शेअर विकणार कोण?

म्हणून मला वाटतं, नुसत्या पैशासाठी यवतमाळात कुणी येणार नाही, आणि पैशाचं आमिष दाखवून आणलंच तर दुसऱ्या वर्षी तो शिव्या घालेल. येईल तो वेगळ्या हिशेबाने. दिवसा मोटर चालवायला मिळाली तर रात्रीचं वावर सुटतं, हा एक हिशेब. डीपी जळाला तर दुरुस्तीचा माणूस गावातला असेल, हा दुसरा. ग्रामपंचायतीला पाणीपुरवठ्याचं आणि पथदिव्यांचं बिल दरवर्षी छळतं, म्हणून ती येईल. जिनिंगवाला येईल, कारण त्याचा हंगाम हिवाळ्यात आणि मशीन दिवसा चालतं. विकास सोसायटीकडे सभासदांची यादी आधीच आहे. बचत गटाच्या बायकांकडे हप्ता वेळेवर भरायची शिस्त आहे, आणि बँक मॅनेजरला शेअर भांडवलापेक्षा तीच जास्त पटते. पण यांपैकी प्रत्येकजण आधी बघणार की दुसरा कोण येतोय. पाच डॉलर घेऊन अमेरिकी शेतकरी आला तो शेजाऱ्याने दार वाजवलं म्हणून.

अडचणीही खऱ्या आहेत. सौर कृषी वाहिनीच्या मोठ्या निविदा एकेका गावाच्या नव्हत्या, अनेक उपकेंद्रांच्या गठ्ठ्याच्या होत्या. गावच्या सोसायटीने त्यात शिरायचं कसं? वीज विकली जाणार महावितरणला, पैसे येणार महावितरणकडून. ते उशिरा आले तर बँकेचा हप्ता थांबत नाही. आणि ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत १० टक्के भरून, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५ टक्के भरून, स्वतःचा वेगळा पंप मिळतो. माझा पंप, माझं वावर, सभा नको आणि भांडण नको. सोसायटीची खरी स्पर्धा कंपनीशी नाही, या एकट्या पंपाशी आहे.

एकट्या पंपाला मात्र विहीर लागते, आणि विहिरीला जमीन. झरी-जामणी, मारेगाव, केळापूरकडे कोलामांचे पोड आहेत. तिथल्या कित्येक घरांकडे ना विहीर ना मोटर, सौरपंप कुठे बसवणार? जमीन भाड्याने द्यायची योजनाही त्यांच्या कामाची नाही. ढुंडीच्या मंडळीतसुद्धा अशा माणसाला जागा नव्हती, कारण ती पंपवाल्यांची मंडळी. मिडलग्रुंडेनमध्ये होती, तिथे कुणाच्या शेताचा प्रश्नच नव्हता, शेअर घेतला की झालं. सहकार कायद्यात संस्था नोंदवायला वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान १० माणसं लागतात. त्यांच्या नावावर सातबारा हवाच, असं तो कायदा म्हणत नाही. ते ठरणार पोटनियमांत, आणि पोटनियम लिहितात ती पहिली दहा माणसं.